पान ३१ आणि पान १२२: एकाग्र वाचनासाठी कागद निवडण्याचे एक प्रकरण

एका प्रशिक्षण योजनेचे मूल्यमापन करणारा १४८ पानांचा अहवाल तपासण्यासाठी तीन जणांची समिती नेमलेली होती आणि मी तिचा एक सदस्य होतो. अहवाल पीडीएफ स्वरूपात आला. मी तो दोन दिवसांत संगणकाच्या स्क्रीनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एकही प्रकरण गाळले नाही, महत्त्वाच्या वाक्यांवर पिवळ्या खुणा केल्या, भाषेच्या काही दुरुस्त्या सुचवल्या आणि अहवाल स्वीकारण्यास हरकत नसल्याचे लेखी कळवले. बैठकीत समितीतील ज्येष्ठ सहकारी आपली छापील प्रत घेऊन आल्या होत्या. ती उघडून त्यांनी मला विचारले, "पान ३१ वरची व्याख्या आणि पान १२२ वरची तळटीप तुम्ही शेजारी ठेवून पाहिलीत का?"

मी पाहिली नव्हती. पान ३१ वर ‘प्रशिक्षण पूर्ण केलेली व्यक्ती’ या शब्दप्रयोगाची व्याख्या होती: योजनेतील सहाही घटक पूर्ण करून जी अंतिम चाचणी उत्तीर्ण झाली ती व्यक्ती. पान १२२ वर परिशिष्टातील तक्ता होता, त्याचे शीर्षक ‘प्रशिक्षण पूर्ण केलेल्या व्यक्ती’ असेच होते आणि त्याखाली बारीक टंकात लिहिले होते की अंतिम चाचणीची नोंद उपलब्ध नसलेल्या व्यक्तीही या संख्येत धरल्या आहेत. म्हणजे शब्द एकच होता आणि त्याचे अर्थ दोन होते. पाचव्या प्रकरणातील मुख्य शिफारस, योजनेचा विस्तार करावा ही, याच तक्त्यावर उभी होती.

चूक राहून जाणे तपासणीच्या कामात नवीन नाही. मला अस्वस्थ केले ते दुसऱ्याच गोष्टीने. घरी येऊन मी माझी प्रत उघडली, तर पान ३१ वरच्या व्याख्येवर माझी पिवळी खूण होती आणि पान १२२ वरच्या तळटीपेवरही होती. दोन्ही वाक्ये मी वाचली होती, दोन्ही महत्त्वाची आहेत हे ओळखले होते, आणि तरीही ती माझ्या डोक्यात एकमेकांना भेटली नाहीत. ‘लक्ष नव्हते’ एवढे म्हणून हा विषय मिटवता येत नाही, कारण लक्ष होते. या प्रकरणाची सविस्तर नोंद करावीशी वाटली ती त्यामुळेच.

त्यांनी कसे वाचले होते

सहकाऱ्यांची प्रत पाहण्याची मी परवानगी मागितली. अहवाल ए-४ कागदावर पाठपोट छापलेला होता, म्हणजे ७४ ताव. त्यांत पिवळी खूण एकही नव्हती, होती ती शिसपेन्सिल. पान ३१ वर, उजव्या हाताच्या पानाच्या तळाशी, समासात प्रश्नचिन्ह काढून त्यांनी लिहिले होते, ‘चाचणीच्या नोंदी कोण ठेवते?’ पान १२२ वर तळटीपेशेजारी फक्त ‘→ ३१’ असे होते.

त्यांनी सांगितले ते असे. व्याख्या वाचताना त्यांना ती काहीशी अवजड वाटली आणि चाचणीच्या नोंदीविषयी शंका आली, म्हणून प्रश्न लिहिला. पुढे सुमारे नव्वद पानांनंतर तळटीपेत ‘चाचणीची नोंद’ हे शब्द आले, तेव्हा आपण याबद्दल काहीतरी लिहिले आहे हे आठवले. नेमका मजकूर आठवला नाही, पण जागा आठवली: पहिल्या चतुर्थांशाच्या आसपास, उजवे पान, अगदी खाली. त्यांनी गठ्ठा अंदाजाने उघडला, तीन-चार पाने मागेपुढे केली आणि व्याख्या सापडली. मग एक बोट पान ३१ वर आणि दुसरा हात पान १२२ वर ठेवून दोन्ही पुन्हा वाचल्या.

मजकुराची जागा न ठरवता लक्षात राहते, ही गोष्ट मानसशास्त्रात बरीच जुनी आहे. एर्न्स्ट रॉथकॉफ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाचकांना जागा लक्षात ठेवण्याची कोणतीही सूचना नव्हती. तरीही एखादी माहिती पानाच्या कोणत्या भागात होती हे ते निव्वळ अंदाजापेक्षा अधिक अचूकपणे सांगू शकले. छापील पानावर अशा स्मरणाला आधार मिळतो, कारण वाक्य आपली जागा सोडत नाही. स्क्रोल होणाऱ्या मजकुरात तेच वाक्य आत्ता वर असते, क्षणाने मध्ये येते आणि नंतर नाहीसे होते, त्यामुळे त्याला ‘खाली उजवीकडे’ असे ठिकाणच उरत नाही. (गुंडाळीकडून बांधीव पानांच्या पुस्तकाकडे जायला वाचणाऱ्या जगाला काही शतके लागली. स्क्रोल करताना आपण सोयीच्या नावाखाली पुन्हा गुंडाळीच हातात घेतली आहे, हे मला या निमित्ताने प्रथमच जाणवले.)

तरीही जागेची आठवण हे अर्धेच उत्तर होते. मुळात त्यांना पान ३१ वर शंका आली आणि मला आली नाही. मी ती व्याख्या वाचून ‘कळली’ असे मनाशी म्हटले आणि खूण करून पुढे गेलो. त्या तिथे थांबल्या.

स्वतःवर केलेली तपासणी

त्याच समितीकडे पुढे दुसरा एक अहवाल आला, सहा प्रकरणांचा. तो वाचताना मी एक साधी व्यवस्था केली. पहिले, तिसरे आणि पाचवे प्रकरण कागदावर वाचायचे. दुसरे, चौथे आणि सहावे स्क्रीनवर. दोन्ही वेळी फोन दुसऱ्या खोलीत आणि संगणकाचे इंटरनेट बंद, कारण संदेशांच्या व्यत्ययाचे कारण मला आधीच बाजूला काढायचे होते. वेळेचे बंधन नव्हते. समाधान होईपर्यंत वाचायचे. सहकाऱ्यांनी प्रत्येक प्रकरणावर दहा प्रश्न काढून माझ्यापासून दूर ठेवले. वाचन संपताच दहापैकी किती प्रश्नांची उत्तरे येतील याचा अंदाज मी लिहून ठेवत असे आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न सोडवत असे.

एका माणसाने एका अहवालावर केलेल्या अशा तपासणीतून काहीही सिद्ध होत नाही. सर्व प्रकरणे सारख्या अवघडपणाची नव्हती, आणि कागदाच्या बाजूने माझे मन आधीच झुकलेले होते. तरी जे दिसले ते नोंदवणे उपयोगाचे वाटते, कारण ते माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळे होते.

स्क्रीनवर प्रकरणाचा आशयच हातून निसटेल, असे मला वाटले होते. तसे झाले नाही. प्रकरण कशाबद्दल आहे आणि त्याचा निष्कर्ष काय, हे मी दोन्हींकडे सारखेच सांगू शकलो. निसटल्या त्या अटी. ‘पहिल्या वर्षापुरते’, ‘दोन केंद्रे वगळता’, ‘उपलब्ध नोंदींनुसार’ हे शब्द स्क्रीनवर वाचलेल्या प्रकरणांतून माझ्या आठवणीत उतरलेच नव्हते. विधान उरले, त्याची मर्यादा गळून पडली. युक्तिवादाच्या क्रमाचेही तेच झाले. कोणता दाखला आधी दिला होता आणि कोणता आक्षेपानंतर, हे सांगताना मी अडखळलो. तपासणीच्या कामात विधानापेक्षा त्याची अट अनेकदा अधिक महत्त्वाची असते, म्हणून ही उणीव मला किरकोळ मानता येत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. कागदावर वाचलेल्या प्रकरणांत माझा अंदाज आणि प्रत्यक्ष उत्तरे यांत फार तर एका प्रश्नाचा फरक पडला. स्क्रीनवरच्या तिन्ही प्रकरणांत मात्र मी स्वतःला प्रत्यक्षापेक्षा जास्त गुण दिले होते, आणि तिन्ही वेळा वाचनही लवकर थांबवले होते. म्हणजे स्क्रीनवर मला कमी कळत होते एवढेच नव्हे, तर कमी कळल्याचे कळतही नव्हते, आणि म्हणून जिथे थांबून मागे जायला हवे तिथे मी पुढे जात होतो.

संशोधन काय सांगते

हे केवळ माझ्यापुरते आहे का, हे पाहण्यासाठी मी या विषयावरचे काही अभ्यास वाचले, छापून वाचले. सर्वांत जवळचा निघाला तो राकेफेट अ‍ॅकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ यांचा २०११ चा अभ्यास. विद्यार्थ्यांना वाचनासाठी ठरावीक वेळ दिला तेव्हा कागद आणि स्क्रीन यांच्या निकालांत फरक पडला नाही. किती वेळ वाचायचे हे त्यांच्यावर सोपवले तेव्हा मात्र स्क्रीनवर वाचणारे मागे पडले. स्वतःच्या आकलनाविषयीचे त्यांचे अंदाज अधिक फुगलेले होते आणि वेळेचे नियोजनही अनियमित होते. संशोधकांनी काढलेला अर्थ असा की मुख्य फरक समजण्याच्या क्षमतेत नाही, स्वतःच्या समजेवर देखरेख ठेवण्यात आहे. माझ्या दोन पिवळ्या खुणांचे याहून अचूक स्पष्टीकरण मला मिळालेले नाही.

लॉरेन सिंगर आणि पॅट्रिशिया अलेक्झांडर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ९० पदवी विद्यार्थ्यांच्या अभ्यासातही असेच चित्र आहे. आपले आकलन डिजिटल मजकुरावर अधिक चांगले झाले असे त्यांतील बहुतेकांना वाटत होते. मजकुराची मुख्य कल्पना सांगण्यात माध्यमामुळे फरक पडला नाही. मुख्य मुद्दे आणि इतर तपशील मात्र छापील मजकुरातून अधिक आठवले. अटी का गळतात याचे उत्तर मला इथे दिसले. अट हा तपशील असतो, आणि मुख्य कल्पना हाती लागली की सगळे हाती लागल्याचे समाधान वाटू लागते.

व्यापक पातळीवर, पाब्लो देल्गादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्या अभ्यासांत मिळून १,७०,००० हून अधिक वाचक होते. कागदाचा फायदा त्यात दिसतो, पण तो आकाराने लहान आहे. माहितीपर मजकुरात तो स्पष्ट आहे, आणि केवळ कथात्मक मजकूर वापरणाऱ्या अभ्यासांत दिसत नाही. लोकांना स्क्रीनची सवय होईल तसा हा फरक विरत जाईल, अशी अपेक्षा कोणीही केली असती. त्या वर्षांत तो उलट वाढत गेलेला आढळला. या विश्लेषणातील एक निष्कर्ष मला अडचणीचा आहे आणि तो लपवणे योग्य नाही. वेळेचे बंधन असताना कागदाचा फायदा अधिक आढळला, स्वतःच्या गतीने वाचताना कमी. अ‍ॅकरमन-गोल्डस्मिथ यांच्या प्रयोगात नेमके उलट होते. माझे स्वतःचे काम मुदतीचेही असते आणि गती ठरवण्याचे स्वातंत्र्यही त्यात असते, त्यामुळे मी यातला कोणताही एक निष्कर्ष सोयीने निवडू इच्छित नाही. माझ्या अनुभवात जो बिघाड दिसला तो देखरेखीचा होता, एवढेच मी म्हणू शकतो.

आता प्रश्न उरतो तो कारणाचा. स्क्रीनच्या मागून डोळ्यांवर येणारा प्रकाश हे कारण बहुतेक जण प्रथम सांगतात. स्क्रीनकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात हे खरेच आहे, आणि सलग तीन तास वाचल्यावर मलाही ते जाणवते. पण दोन दिवसांच्या वाचनातील पहिल्या तासातच मी पान ३१ वाचले होते, तेव्हा डोळे दमलेले नव्हते. शिवाय आन मांगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या स्पष्टीकरणाला अपुरे ठरवतो. त्यात ५० वाचकांनी एकच दीर्घ रहस्यकथा वाचली, निम्म्यांनी छापील पुस्तकात आणि निम्म्यांनी किंडलवर. किंडलची ई-इंक स्क्रीन कागदासारखीच बाहेरचा प्रकाश परावर्तित करते. बहुतेक चाचण्यांत दोन्ही गट सारखे निघाले. घटना कथेत केव्हा घडल्या आणि कोणत्या क्रमाने घडल्या हे सांगण्यात मात्र छापील पुस्तक वाचणारे अधिक अचूक होते.

किंडलवर पान होते, स्क्रोल नव्हते, मागून येणारा प्रकाश नव्हता. जे नव्हते ते डाव्या हातात वाढत जाणारे आणि उजव्या हातात कमी होत जाणारे कागद. वाचून झालेला भाग आणि राहिलेला भाग यांचे माप बोटांना सतत मिळत असते. स्क्रीनच्या खाली ‘६३ टक्के’ असा आकडा दिसतो, पण तो वेगळा वाचावा लागतो. कागदाची जाडी वाचावी लागत नाही, ती वाचनात मिसळलेली असते. क्रम, अंतर आणि जागा यांची जी जाणीव माझ्या सहकाऱ्यांना नव्वद पानांनी मागे घेऊन गेली तिचे मूळ मला इथे असावे असे वाटते, जरी हे मी अनुमान म्हणूनच मांडत आहे.

स्क्रीनची बाजू

फाइलमध्ये शब्द शोधता येतो, मग हीच विसंगती स्क्रीनवर सहज सापडली नसती का, असा आक्षेप समितीच्या तिसऱ्या सदस्यांनी घेतला. आक्षेप योग्य आहे आणि मी तो तपासून पाहिला. ‘प्रशिक्षण पूर्ण’ हे शब्द शोधल्यावर ते जिथे आले ती ठिकाणे दाखवणारी लांबलचक यादी समोर आली आणि ती ओळीने पाहिली असती तर पान १२२ चा तक्ता नक्कीच लागला असता. पण हे शब्द शोधावेत असे वाटण्यासाठी आधी शंका यावी लागते. शोधाची सोय शंकेनंतर कामाला येते, ती शंका निर्माण करत नाही. शंका आल्यानंतर मात्र कागद तिची बरोबरी करू शकत नाही. पेन्सिलने प्रश्न लिहून झाल्यावर त्या शब्दाची सर्व ठिकाणे फाइलमध्ये पाहणे हा क्रम मी आता प्रत्येक अहवालाला लावतो.

ज्यांची दृष्टी अधू आहे, ज्यांना अक्षर मोठे करावे लागते किंवा मजकूर ऐकावा लागतो, त्यांच्यासाठी कागद श्रेष्ठ असल्याचा दावा निरर्थक आहे. स्क्रीनमुळेच त्यांना वाचन खुले झाले, आणि या नोंदीतील कोणतेही विधान त्यांना लागू होते असे मी मानत नाही.

स्क्रीनवरच्या वाचनाची उणीव भरून काढता येते, असे सांगणारा अभ्यासही आहे. टिर्झा लॉटरमन आणि राकेफेट अ‍ॅकरमन यांनी २०१४ मध्ये दाखवले की वाचनानंतर काही वेळाने मजकुराचे सार सांगणारे कळीचे शब्द आठवून लिहायला लावले, तर स्क्रीनवर वाचणाऱ्यांची पिछाडी नाहीशी झाली. देखरेखीचा मुद्दा खरा असेल तर असे व्हायलाच हवे, कारण आठवून लिहिताना आपल्याला काय येत नाही ते उघडे पडते. मी हा उपाय तिसऱ्या एका, लहान अहवालावर वापरला. प्रत्येक प्रकरणानंतर फाइल बंद करून, थोड्या वेळाने पाच-सहा शब्द वहीत लिहिले. सुधारणा झाली. पण तिसऱ्या दिवशी मुदत जवळ आली तशी मी ही पायरी गाळू लागलो आणि गाळत असल्याचे मला शेवटच्या प्रकरणापर्यंत जाणवले नाही. कागदावर वाचताना थांबणे, मागे जाणे, समासात शंका लिहिणे ही कामे वेगळी शिस्त न लावता होत राहिली. मुदतीच्या दडपणाखालीही जी सवय टिकते तिच्यावर मी अधिक विसंबतो, आणि कागद निवडण्याचे माझे मुख्य कारण हेच आहे.

सध्याची व्यवस्था

सगळेच छापण्याची गरज नाही आणि तसे करणे मला पटतही नाही. आलेला अहवाल मी आधी स्क्रीनवर चाळतो, आणि त्याचे तीन भाग करतो: नुसती नजर फिरवण्याचे, एकदा वाचण्याचे आणि तोलून पाहण्याचे. व्याख्या, पद्धती, निष्कर्ष आणि परिशिष्टातील तक्ते बहुधा तिसऱ्या भागात येतात आणि तेवढेच छापतो. ८० ग्रॅम वजनाच्या कागदाचा ए-४ ताव पाच ग्रॅम भरतो. पहिला अहवाल पूर्ण छापला असता तर ३७० ग्रॅम कागद लागला असता, आणि या पद्धतीने त्याचा साधारण तिसरा हिस्सा पुरला असता. बाहेरचा समास मात्र चार सेंटिमीटर ठेवतो, कारण शंका लिहायला जागा नसली की शंका मनातच राहते आणि पुढच्या पानावर विरते.

रंगीत खुणा मी पूर्ण बंद केल्या आहेत. खूण करताना हात हलतो आणि काम झाल्यासारखे वाटते. प्रश्न लिहायचा तर वाक्य निदान एकदा तरी मनात मांडावे लागते. हा बदल माध्यमापेक्षा मोठा ठरला असण्याची शक्यता आहे, आणि माझ्या तपासणीत मी दोन्ही वेगळे केले नव्हते: कागदावर पेन्सिल होती, स्क्रीनवर पिवळी खूण होती. पुढच्या अहवालात स्क्रीनवरही केवळ टंकलेले प्रश्न ठेवायचे आणि कागदाशी तुलना करायची, असे सहकाऱ्यांशी ठरले आहे.

कागदाची एक अडचण अद्याप सुटलेली नाही. दुसऱ्या अहवालाचे पाचवे प्रकरण मी छापून, खुणा करून ठेवले आणि चार दिवसांनी त्याची सुधारित आवृत्ती आली. माझ्या शंकांपैकी निम्म्या जुन्या मजकुरावरच्या होत्या आणि पानांचे क्रमांकही सरकले होते. तेव्हापासून प्रत्येक छापील प्रतीच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात आवृत्तीची तारीख लिहितो आणि शंकेसोबत पानाऐवजी परिच्छेदाचा क्रमांक नोंदवतो. त्याने घोळ कमी होतो, पण सुधारित आवृत्ती आल्यावर बदललेला भाग पुन्हा छापावा लागतो आणि जुन्या समासातील प्रश्न हाताने नव्या प्रतीवर उतरवावे लागतात.